खलनायक कोणाच्या मालकीचा?

पुराणातील खलनायकाला मालक नसतो. रावण कोणत्याही कवीने, कीर्तनकाराने वा नाटक मंडळीने घ्यावा आणि आपल्या परीने रंगवावा. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. अमेरिकेतील कॉमिक्सच्या जगात मात्र दुष्टालाही धनी असतो. तेथे एका नायकाचा हाडवैरी पाहता पाहता दुसऱ्याच नायकाचा वैरी होऊन बसतो. वाचकाला हा कथालेखकाच्या कल्पकतेचा विलास वाटतो. वस्तुतः पुष्कळदा तो व्यापारी निर्णय असतो. या व्यवहाराची किंमत ज्यांना आयुष्यभर मोजावी लागली, त्या जॅक कर्बी यांचे चरित्र या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे.

कर्बी यांचे मूळ नाव जेकब कर्ट्झबर्ग. २८ ऑगस्ट १९१७ रोजी न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या गरीब, दाटीवाटीच्या वस्तीत एका स्थलांतरित ज्यू कुटुंबात ते जन्मले. वडील कपड्यांच्या कारखान्यात कामगार होते. चित्रकलेचे म्हणण्यासारखे शिक्षण न घेता कर्बी यांनी ऐन तारुण्यात रेखाटनावर पोट भरण्यास प्रारंभ केला. जो सायमन यांच्या साहाय्याने त्यांनी निर्माण केलेला ‘कॅप्टन अमेरिका’ १९४१ च्या मार्च महिन्याच्या अंकात अवतरला आणि पहिल्याच मुखपृष्ठावर त्याने हिटलरला ठोसा लगावला. अंक हातोहात खपले. परंतु नफ्यातील वाट्यावरून प्रकाशकाशी बिनसले आणि दहा अंकांनंतर दोघेही बाहेर पडले. कॅप्टन अमेरिका अर्थातच प्रकाशकाकडे राहिला. पुढे कर्बी सैन्यात भरती झाले, १९४४ मध्ये फ्रान्सच्या रणभूमीवर लढले आणि थंडीने पाय बधिर झालेल्या अवस्थेत परतले.

त्यांच्या कर्तृत्वाचे दुसरे पर्व १९६१ मध्ये सुरू झाले. पूर्वीच्याच प्रकाशनसंस्थेसाठी (ती आता मार्व्हल म्हणून ओळखली जाऊ लागली होती) स्टॅन ली यांच्यासमवेत त्यांनी ‘फँटॅस्टिक फोर’ हे मासिक उभे केले. त्याच्या १९६२ मधील पाचव्या अंकात पोलादी मुखवट्याआड चेहरा लपविणारा डॉक्टर डूम हा खलनायक आला. तो त्या चौघांचा शत्रू. पण पुढच्याच वर्षी तो स्पायडरमॅनवर चालून गेला आणि कालांतराने डेअरडेव्हिल, आयर्न मॅन अशा अनेकांशी झुंजला.

यामागील अर्थशास्त्र सोपे आहे. नवा खलनायक घडविण्यास श्रम लागतात आणि तो वाचकांच्या पसंतीस उतरेलच याची शाश्वती नसते. उलट जुन्या खलनायकाची कीर्ती आधीच कमावलेली असते; तिचा पुनःपुन्हा उपयोग करण्यास प्रकाशकाला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. शिवाय एका मासिकाचा वाचक त्याच्यामागोमाग दुसऱ्या मासिकाकडे वळतो. गिरणीतील यंत्र एका खात्यातून दुसऱ्या खात्यात हलवावे, तितक्या सहजतेने खलनायक हलविता येतो. पण यंत्र बनविणाऱ्यास निदान यंत्राची किंमत मिळालेली असते. कर्बी यांना मिळे ती पानांच्या हिशेबाने मजुरी. चित्र पूर्ण झाले की त्या पात्राशी त्यांचा कायदेशीर संबंध संपत असे.

या स्थितीस कंटाळून ते १९७० मध्ये प्रतिस्पर्धी डी. सी. या संस्थेकडे गेले. डॉक्टर डूमला बरोबर नेणे शक्यच नव्हते. म्हणून त्यांनी नवा खलनायक घडविला. हा डार्कसाइड. मानवाचे इच्छास्वातंत्र्यच नष्ट करू पाहणारा हा हुकूमशहा ‘न्यू गॉड्स’ या कर्बी यांच्या महाकथेतील मुख्य प्रतिपक्ष होता. परंतु ती मालिका अकरा अंकांनंतर १९७२ मध्ये बंद करण्यात आली. कथा अपुरी राहिली, कर्बी १९७५ च्या सुमारास पुन्हा मार्व्हलकडे परतले. डार्कसाइड मात्र मागे राहिला आणि नव्या शत्रूंच्या शोधात निघाला. १९८२ मध्ये त्याने ‘लीजन ऑफ सुपरहीरोज’ या मासिकातील नायकांना जेरीस आणले. पुढे तर तो सुपरमॅनचाच प्रमुख वैरी गणला जाऊ लागला.

१९८४ च्या सुमारास कर्बी यांना आपल्या कथेचा शेवट लिहिण्याची संधी मिळाली, तेव्हा डार्कसाइडचा मृत्यू त्यांच्या मनात होता. संस्थेने तो मान्य केला नाही. ज्याने खलनायकाला जन्म दिला, त्याला त्याचा अंत करण्याचाही अधिकार उरला नव्हता. तथापि याच संस्थेने एक गोष्ट न्यायाची केली. डार्कसाइड आदी पात्रांची खेळणी निघणार होती. त्यासाठी कर्बी यांच्याकडून त्यांची नव्याने रेखाटने करून घेऊन त्यांना विक्रीतील हिस्सा मिळण्याची सोय तिने केली. मार्व्हलशी मात्र स्वतःच्याच हातची मूळ चित्रे परत मिळविण्यासाठी त्यांना झगडावे लागले. १९८७ मध्ये हजारो पानांपैकी सुमारे दोन हजार पाने पदरात पडली.

६ फेब्रुवारी १९९४ रोजी कर्बी निवर्तले. चार वर्षांनी सुपरमॅनच्या एका चलच्चित्र मालिकेत डार्कसाइडने डॅन टर्पिन या पोलीस अधिकाऱ्याचा बळी घेतला. टर्पिनचा चेहरा कर्बी यांच्या चेहऱ्यावरून घेतलेला होता. ती श्रद्धांजली होती, परंतु तीही परक्याच्या मालकीची.

त्यांच्या वारसांनी २००९ मध्ये हक्क परत मागितले. काम संस्थेच्या सांगण्यावरून व खर्चाने झाले असल्याने ते संस्थेचेच, असा निर्णय २०११ मध्ये न्यायालयाने दिला आणि २०१३ मध्ये तो अपिलातही टिकला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या दाराशी असताना २०१४ मध्ये तडजोड झाली. भांडवल गुंतविणाऱ्याने जोखीम पत्करलेली असते, हे नाकारण्याचे कारण नाही. फसलेल्या मासिकांचा तोटा कर्बी यांनी भरून दिला नव्हता. परंतु जी कल्पना एका मासिकाच्या मर्यादेबाहेर जाऊन अनेक दशके, अनेक नायकांच्या अंकांतून, पडद्यावरून आणि खेळण्यांतून उत्पन्न देत राहते, तिचा मोबदला पहिल्या दिवसाच्या मजुरीत चुकता झाला असे मानणे हिशेबाला धरून नाही. खलनायकाने नायक बदलावा. प्रत्येक बदलाबरोबर त्याच्या निर्मात्याच्या नावेही काही जमा व्हावे, एवढीच व्यवस्था करावयाची आहे. ती अशक्य नाही, हे खेळण्यांच्या त्या एका व्यवहाराने दाखवून दिले आहे.