खंडांची वाटचाल ओळखणारा हवामानशास्त्रज्ञ

धाराशिव जिल्ह्यात भूम, ईट परिसरात विहीर खणू लागले की काळा पाषाण लागतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थिजलेला हा लाव्हारस. तो ओतला गेला तेव्हा ही भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला, रियुनियन बेट आज जेथे आहे त्या बाजूस होती. भूखंड असा प्रवास करतात, हे पुराव्यांनिशी मांडणारे आल्फ्रेड वेगेनर यांच्या वाट्याला मात्र हयातभर उपेक्षाच आली.

१ नोव्हेंबर १८८० रोजी बर्लिनमध्ये जन्मलेल्या वेगेनर यांनी डॉक्टरेट घेतली खगोलशास्त्रात, पण मन रमले हवामानशास्त्रात. १९०६ मध्ये बंधू कुर्ट यांच्यासह त्यांनी फुग्यातून सलग ५२ तास उड्डाण करण्याचा विक्रम केला. भूविज्ञान हे त्यांचे क्षेत्रच नव्हते, आणि भूवैज्ञानिकांना बहुधा तेच अधिक खुपले असावे.

जानेवारी १९१२ मध्ये त्यांनी खंडविप्लवाची कल्पना मांडली. पहिल्या महायुद्धात जखमी झाल्यानंतर, १९१५ मध्ये त्यावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेचे किनारे एकमेकांत बसतात, एवढ्यावर ते थांबले नाहीत. ग्लॉसोप्टेरिस या वनस्पतीचे जीवाश्म भारतात आणि दक्षिणेकडील खंडांतही सापडतात. आपल्या चंद्रपूर परिसरातील इरई येथे तर प्राचीन हिमनदीने ओरखडलेला खडक आहे. उन्हाने भाजून निघणाऱ्या चंद्रपुरात हिमनदी आली कोठून? भूमीच सरकली, हे वेगेनर यांचे उत्तर.

पण खंड सरकवणारे बळ कोणते? त्यांनी पृथ्वीच्या परिवलनाकडे आणि चंद्रसूर्यांच्या ओढीकडे बोट दाखवले. ही बळे फारच तोकडी असल्याचे हॅरोल्ड जेफ्रीज यांनी दाखवून दिले आणि त्या मुद्द्यावर विरोधकांचेच बरोबर होते.

१९३० च्या ग्रीनलंड मोहिमेत, पन्नासाव्या वाढदिवशी, वेगेनर आणि त्यांचे सहकारी रासमुस विलुमसेन अंतर्भागातील तळावरून किनाऱ्याकडे निघाले. दोघेही परतले नाहीत. मे १९३१ मध्ये वेगेनर यांचा मृतदेह बर्फात सापडला. तो तेथेच पुरण्यात आला. विलुमसेन यांचा पत्ता लागला नाही.

१९६० च्या दशकात सागरतळ पसरत असल्याचे पुरावे मिळाले आणि भूपट्टांचा सिद्धांत आकाराला आला. भारतीय भूपट्ट आजही वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर वेगाने उत्तरेकडे सरकत आशियाला रेटतो आहे. त्या रेट्याचा ताण दूरवरच्या दख्खनच्या खडकांतही साठतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तो किल्लारी परिसरात मोकळा झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे दगावली.