संत जोसेफ वाझ

आठवड्यांतून एकदां वह्या मिटून झाडू व घमेलें हातीं घ्यावें लागतें, तेव्हां आमचे कांहीं विद्यार्थी कुरकुरतात. शाळा शिकण्याकरितां आहे कीं घाण काढण्याकरितां, असा त्यांचा प्रश्न असतो. कॅथॉलिक शाळांत सेवा हा विद्येचाच एक भाग कां मानतात, हें समजावीत बसण्यापेक्षां मी त्यांस एका शिक्षकाचें चरित्र सांगतों.

जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजीं गोमंतकांत बाणावली येथें झाला. घराणें सांकवाळचें, बोली कोंकणी. पोर्तुगीज व लॅटिन शिकून त्यांनीं गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजांत विद्याभ्यास केला व १६७६ सालीं ते धर्मगुरु झाले. असा विद्वान तरुण मोठ्या पदाच्या मागें लागता, तर नवल नव्हतें. त्यांनीं सांकवाळास लॅटिनची शाळा उघडली व मुलांस शिकवूं लागले. पुढें कांहीं वर्षें कानडा प्रांतांत त्यांनीं शाळा काढल्या व रंजल्यागांजल्यांस साह्य केलें.

त्या काळीं सिलोनचा, म्हणजे आजच्या श्रीलंकेचा, किनारा डचांच्या ताब्यांत होता. कॅथॉलिक धर्मगुरूंस त्यांनीं देशांत थारा ठेवला नव्हता. १६८७ सालीं वाझ एका गड्यासह मजुराच्या वेषांत जाफन्यास उतरले. उतरतांच आमांशानें अंथरूण धरलें. बरें झाल्यावर गळ्यांत जपमाळ घालून ते दारोदार भिक्षा मागत. माळ पाहून कोणाची नजर थबकते, यावरून आपले लोक ओळखावयाचे! युक्ति साधी, पण पकडले जातें तर जीवावर बेतली असती.

१६९२ सालीं ते कँडीच्या राज्यांत शिरले. तेथें डच नव्हते. परंतु पोर्तुगीजांचा हेर या संशयावरून राजानें त्यांस कैदेंत टाकलें. कैदेंत त्यांनीं सिंहली भाषा शिकून घेतली. हळूहळू बंधनें सैल झालीं, तरी परक्याविषयींचा संशय कांहीं गेला नाहीं.

तो गेला १६९७ मध्यें, तोहि वादविवादानें नव्हे. त्या वर्षीं कँडींत देवीची साथ आली. जेन्नरची लस निघावयास अजून ९९ वर्षें होतीं. राजा दुसरा विमलधर्मसूर्य राजधानी सोडून गेला. घरांतील माणसें रोग्यांस रानांत नेऊन टाकीत व मागें वळून पाहत नसत. जन्मदात्यांनीं पोटच्या पोरांस टाकावें, हें आज आपणांस क्रूर वाटतें. पण भीतीपुढें माया किती टिकते, याचा निवाडा सुखांत बसून करूं नये. वाझ व त्यांचा भाचा जोसेफ कार्व्हालो यांनीं या टाकलेल्या लोकांसाठीं झोंपड्या उभारल्या. ज्यांनीं १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीकडील लोकांस पत्र्यांखालीं दिवस काढतांना पाहिलें आहे, त्यांस अशा निवाऱ्याचें मोल सांगावयास नको. दोघे रोग्यांस अन्न-पाणी देत, त्यांचीं घाणेरडीं अंगें धूत, औषध देत आणि मेलेल्यांस स्वतः खड्डे खणून पुरीत. रोगी बौद्ध कीं ख्रिस्ती, ही चौकशी त्यांनीं केली नाहीं. साथ बरेच महिने चालली. ती ओसरल्यावर राजानें त्यांस आपल्या राज्यांत मोकळेपणें फिरण्याची व उपदेशाची मुभा दिली.

पुढें गोव्याहून आणखी धर्मगुरु मदतीस आले. वाझ यांची प्रकृति खालावत गेली, तरी पायीं हिंडणें सुटलें नाहीं. १६ जानेवारी १७११ रोजीं कँडी येथें त्यांचा अंत झाला. १४ जानेवारी २०१५ रोजीं पोप फ्रान्सिस यांनीं कोलंबो येथें त्यांस संत म्हणून घोषित केलें. ज्यांनीं इतक्यांना मूठमाती दिली, त्यांची स्वतःची कबर मात्र कँडींत नेमकी कोठें आहे, हें आज कोणास दाखवितां येत नाहीं.