थिओडोर बिल्हार्झ : लघवीतल्या रक्तामागचा कृमी शोधणारा डॉक्टर

नाईलकाठच्या खेड्यांत मुलग्यांच्या लघवीतून रक्त जाणे हे एकेकाळी वयात येण्याचे लक्षण समजले जाई. तो आजार आहे आणि त्यामागे रक्तवाहिन्यांत राहणारा कृमी आहे, हे दाखवून दिले थिओडोर बिल्हार्झ या तरुण जर्मन डॉक्टरने.

बिल्हार्झ यांचा जन्म १८२५ मध्ये सिग्मारिंगेन येथे झाला. वैद्यकीचे शिक्षण घेऊन १८५० मध्ये ते आपले शिक्षक विल्हेल्म ग्रिसिंगर यांच्यासोबत इजिप्तला गेले. कैरोच्या कस्र अल-ऐनी रुग्णालयात ते शवविच्छेदन करीत. १८५१ मध्ये एका मृतदेहात, आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेत त्यांना पांढरे, लांबट कृमी दिसले. नराच्या अंगावरच्या खोबणीत बारीक मादी सामावलेली होती. पुढे मूत्राशयाच्या अस्तरात या कृमीची अंडी सापडली आणि लघवीतल्या रक्ताचा उलगडा झाला.

कृमी माणसाच्या अंगात शिरतो कसा, हे मात्र त्यांच्या हयातीत कळले नाही. १८६२ मध्ये आफ्रिकेतील एका मोहिमेत डॉक्टर म्हणून गेले असता त्यांना ताप जडला. कैरोला परतल्यावर त्यातच त्यांचा मृत्यू झाला. वय अवघे ३७. लघवीतून पाण्यात गेलेल्या अंड्यांतील अळ्या गोगलगायीत वाढतात आणि मग पाण्यात उतरलेल्या माणसाची त्वचा भेदून आत शिरतात, हे रॉबर्ट लायपर यांनी १९१५ मध्ये सिद्ध केले. बिल्हार्झ यांच्या नावावरून या आजाराला बिल्हार्झिया म्हणतात. शास्त्रीय नाव शिस्टोसोमियासिस.

हा कृमी केवळ रक्तावर जगत नाही. इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाशी साधर्म्य असलेली स्टेरॉइड रसायने संशोधकांना कृमीत, त्याच्या अंड्यांत आणि रुग्णांच्या लघवीतही आढळली आहेत. अशी रसायने पेशींतील डीएनएला इजा करू शकतात. अंड्यांमुळे होणारी दीर्घकाळची सूज आणि ही रसायने मिळून मूत्राशयाच्या कर्करोगाला वाट करून देत असावीत, असे मानले जाते. रसायनांचा नेमका वाटा अजून तपासला जात आहे. हा संसर्ग कर्करोगकारक आहे, हे मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्येच मान्य केले आहे.

केळापूरच्या वाचकाला हा आजार दूर आफ्रिकेतला वाटेल. पण १९५२ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावात लघवीवाटे रक्त जाणाऱ्या रुग्णांत याच आजाराचे निदान झाल्याची नोंद गाडगीळ आणि शहा या डॉक्टरांनी केली. प्राझिक्वान्टेल या गोळ्यांनी तो बरा होतो. मात्र त्यासाठी आधी लघवीची तपासणी व्हायला हवी.

लघवीतून रक्त जाण्याची कारणे अनेक आहेत : मुतखडा, जंतुसंसर्ग, सिकलसेल, कर्करोग. उष्णतेमुळे झाले असेल, असे म्हणून ते अंगावर काढू नये. एकदाच दिसले आणि दुखले नाही, तरी जवळच्या सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्यावी.