विश्लेषण : गुरांच्या साथींचा माग काढणारे रॉबर्ट कॉख दुधाबाबत कसे चुकले?

क्षयाचा जंतू शोधणारे शास्त्रज्ञ म्हणून रॉबर्ट कॉख शाळेच्या पुस्तकातून ठाऊक असतात. पण त्यांचे नाव झाले ते गुरांच्या रोगामुळे, आणि त्यांची एक मोठी चूकही गाईच्या दुधाबाबतचीच.

कुरणच धोक्याचे का?

१८४३ मध्ये जर्मनीत जन्मलेले कॉख १८७२ पासून वोलस्टाइन या गावात (आता पोलंडमध्ये) सरकारी डॉक्टर होते. त्या भागात गाई-मेंढ्या फाशी म्हणजेच अँथ्रॅक्सने मरत. त्याच त्या कुरणात दरवर्षी जनावरे का दगावतात, हे कोडे होते. घरातच उंदरांवर प्रयोग करून कॉख यांनी १८७६ मध्ये उत्तर दिले : हा जंतू बीजाणू तयार करतो आणि ते मातीत वर्षानुवर्षे तग धरतात. बीजाणू बनायला हवा आणि ऊब लागते. म्हणजे मेलेले जनावर फाडून उघड्यावर टाकले की पुढच्या कळपाला लागण ठरलेलीच.

बैलगाडीबरोबर गेलेली साथ

१८९६ च्या अखेरीस केप वसाहतीच्या सरकारने त्यांना बुळकांडीसाठी किंबर्लीला बोलावले. तिथली मालवाहतूक बैलगाड्यांवर चाले. पाणवठ्यांवर कळप एकमेकांत मिसळत आणि लक्षणे दिसण्याआधीच लागण झालेला बैल पुढच्या मुक्कामी पोहोचे. कॉख यांनी बुळकांडीने मेलेल्या जनावराचे पित्त निरोगी गुरांना टोचले. बरीच गुरे वाचली, काही टोचणीनंतर त्याच रोगाने गेली. काम सहकाऱ्यांवर सोपवून १८९७ मध्ये ते प्लेगच्या अभ्यासासाठी मुंबईला आले.

मग दुधाचे काय?

१९०१ मध्ये लंडनच्या परिषदेत कॉख यांनी सांगितले की, गाईचा क्षय माणसाला क्वचितच होतो. त्यासाठी खास उपायांची गरज नाही. एवढ्या मोठ्या माणसाचे म्हणणे खोडणे सोपे नव्हते. ब्रिटनने त्याच वर्षी आयोग नेमला. बाधित गाईच्या दुधातून माणसाला, विशेषतः मुलांना क्षय होतो, हे त्याच्या १९११ च्या अंतिम अहवालाने पक्के केले. कॉख १९१० मध्येच वारले होते.

त्यांनी १८९० मध्ये क्षयावरचे औषध म्हणून पुढे आणलेले ट्यूबरक्युलिन उपचारात सपशेल फसले होते. पण वरून धडधाकट दिसणारी गाय आतून बाधित आहे का, हे त्याच्या टोचणीने कळते. नवी गाय गोठ्यात आणण्याआधी आजही त्याच्याच शुद्ध केलेल्या रूपाने चाचणी करतात.