फळांचा चितारी

फ्रान्स स्नायडर्स १५७९ साली अँटवर्पला जन्मला. वडिलांची खानावळ होती. तिथे चित्रकार मंडळींची ऊठबस असे. तो चार वर्षांचा असताना स्पॅनिश फौजेने शहराला वेढा घातला. उपासमारीने टेकीला आलेले शहर १५८५ मध्ये शरण गेले. पुढे जन्मभर या माणसाने भरलेली टेबले रंगवली. त्यात त्या वेढ्याचा काही वाटा असेल का, असा विचार माझ्या मनात येतो.

१५९३ मध्ये तो धाकट्या ब्रॉयगेलकडे शिकायला राहिला आणि १६०२ मध्ये चित्रकारांच्या संघात दाखल झाला. इटलीचा प्रवास करून परतला ते १६०९ साल. त्याच वर्षी बारा वर्षांचा तह झाला. श्रीमंतांना भोजनगृहाच्या भिंती सजवायला भव्य चित्रे हवी होती. स्नायडर्सची फळबाजार, भाजीबाजार, मासळीबाजार व शिकार अशी चार चित्रे पाहा (अर्थात छापील प्रतींत, आपण दुसरीकडे कुठे पाहणार!). फळबाजाराचे चित्र तीन मीटरहून रुंद आहे. द्राक्षे, खरबुजे यांच्या नुसत्या राशी! माझे वडील आठवडी बाजारात फळे विकतात. द्राक्षावरची पांढरी भुकटी ते कधी पुसत नाहीत, कारण ताज्या मालाची तीच खूण. स्नायडर्सनेही ती पुसलेली नाही. ती त्याने ब्रशाने जपली आहे. माणसे मात्र त्याला तितकी साधत नसत. ती बहुधा इतरांकडून काढून घेई.

उलट, रुबेन्सच्या चित्रांतली फळे व प्राणी अनेकदा याच्या हातचे. साखळदंडात जखडलेल्या प्रॉमिथियसचे काळीज टोचणारा गरुड स्नायडर्सचा आहे. रुबेन्सने १६१८ च्या एका पत्रात तसे स्वच्छ कबूलही केले. तरी जग ते चित्र रुबेन्सचे म्हणूनच ओळखते. मला हा थोडा अन्यायच वाटतो. पण स्नायडर्स काही उपेक्षित मरण पावला नाही. खानावळवाल्याच्या या मुलाने १६२० मध्ये कैझरस्ट्राट रस्त्यावर घर घेतले. शेजारी माजी महापौर रॉकॉक्स! व्हॅन डाइकने त्याचे आणि पत्नी मार्गारेटाचे चित्र काढले. १६४० मध्ये रुबेन्स वारल्यावर त्याच्या संग्रहाची विल्हेवाट लावण्यास जे विश्वासू नेमले गेले, त्यांत स्नायडर्स होता.

१६५७ मध्ये तो वारला. ती चार बाजारचित्रे पुढे इंग्लंडातल्या एका वाड्यात गेली. १७७९ मध्ये रशियाच्या सम्राज्ञी कॅथरीनने ती विकत घेतली. अँटवर्पचे त्याचे घर, रॉकॉक्सच्या घरासकट, आता संग्रहालय झाले आहे.