बेन्वा द बोइन

बेन्वा द बोइन (८ मार्च, १७५१ – २१ जून, १८३०) हा महादजी शिंदे यांच्या कवायती फौजेचा सेनापती होता. मराठी इतिहासग्रंथांत तो डी बॉइन या नावाने आढळतो. जन्माने कॅथलिक असलेल्या द बोइनने भारतात एका मुस्लिम स्त्रीशी विवाह केला. त्याच्या लढायांवर विपुल लेखन झाले आहे. या विवाहाकडे मात्र पुष्कळ काळ दुर्लक्ष झाले.

प्रारंभिक जीवन

त्याचा जन्म सॅव्हॉयमधील शांबेरी येथे एका व्यापारी कुटुंबात झाला. फ्रेंच सैन्यातील आयरिश पलटण, नंतर रशियाची नोकरी आणि तुर्कांची कैद असा प्रवास करून तो १७७८ मध्ये मद्रासला पोहोचला.

शिंद्यांच्या सेवेत

जानेवारी १७७९ मध्ये तळेगाव दाभाडेपर्यंत चालून आलेल्या इंग्रज फौजेला वडगाव येथे शरण आणण्यात महादजींचा मोठा वाटा होता. तथापि पुढील लढायांत कवायती पायदळाचे महत्त्व त्यांना पटले आणि १७८४ मध्ये त्यांनी द बोइनला नोकरीत घेतले. १७९० मध्ये पाटण व मेडता येथे, तर १७९३ मध्ये लाखेरी येथे होळकरांविरुद्ध त्याच्या पलटणींनी विजय मिळवला. अलीगढ हे त्याचे मुख्य ठाणे होते. महादजींच्या निधनानंतर, १७९५ च्या अखेरीस त्याने नोकरी सोडली.

विवाह

१७८८ च्या सुमारास त्याने मुघल सेवेतील एका इराणी अधिकाऱ्याच्या नूर बेगम या मुलीशी मुस्लिम रीतीने विवाह केला. पुढे पुण्यात इंग्रजांचा रेसिडेंट झालेल्या विल्यम पामरची पत्नी फैजबक्ष ही तिची बहीण होय. द बोइन दांपत्याला एक मुलगी व एक मुलगा झाला. १७९७ मध्ये हे कुटुंब इंग्लंडला पोहोचले. तेथे मुलांना बाप्तिस्मा देऊन अ‍ॅन व चार्ल्स अलेक्झांडर अशी नावे ठेवण्यात आली, तर नूर बेगम हेलेन बेनेट झाली.

बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी विशेष परवानगीविना केलेला कॅथलिकाचा विवाह चर्च ग्राह्य धरीत नसे. जून १७९८ मध्ये द बोइनने लंडनमध्ये आदेल दोस्मों या सुमारे सतरा वर्षांच्या फ्रेंच सरदारकन्येशी विवाह केला, तेव्हा हेलेन हयात होती. भारतात सुमारे आठ वर्षे पत्नी म्हणून नांदलेल्या स्त्रीचे स्थान त्यामुळे केवळ पूर्वीच्या सोबतिणीचे उरले. तिला खर्चासाठी नेमणूक मिळत राहिली, मान्यता नव्हे. चर्च व कायदा या दोहोंना मान्य असलेला दुसरा विवाहही टिकला नाही. वयातील तीस वर्षांचे अंतर आणि स्वभावभेद यांमुळे दोघे लवकरच वेगळे राहू लागले. आदेलने आपल्या प्रसिद्ध आठवणींत पतीविषयी कटुतेने लिहिले आहे.

उत्तरायुष्य

१८०२ च्या सुमारास द बोइन शांबेरीला परतला व आपल्या संपत्तीतून त्याने शहरासाठी मोठा दानधर्म केला. तेथील चार हत्तींचे कारंजे (१८३८) हे त्याचे स्मारक आहे. मुलगी तरुणपणीच वारली होती. त्याची काउंट ही पदवी आणि मालमत्ता चार्ल्सकडे, म्हणजे नूर बेगमच्या मुलाकडे गेली. ती स्वतः ससेक्समध्ये हॉर्शमजवळ एकटी राहिली. १८५३ मध्ये तिचे निधन झाले. तिची कबर हॉर्शमच्या चर्चच्या आवारात आहे.