दिवाळं निघालेला मार्क ट्वेन

मार्क ट्वेनला आपण ‘टॉम सॉयर’मुळे ओळखतो. मला मात्र तो धंद्यात बुडालेला लेखक म्हणून जास्त जवळचा वाटतो.

त्याची स्वतःची प्रकाशनसंस्था होती. माजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या आठवणी छापून तिने त्यांच्या पत्नीला २ लाख डॉलरचा चेक दिला होता. पण ट्वेनने खिळे जुळवणाऱ्या एका यंत्रात पैसा ओतला. ते कधी धड चाललंच नाही. १८९४ मध्ये प्रकाशनसंस्थाही बुडाली.

तेव्हा त्याने झाकपाक केली नाही. हिशेब हेन्री रॉजर्स या मित्राच्या हाती सोपवले. पै न पै फेडायची, हा पत्नी ऑलिव्हियाचा आग्रह मानला. साठीला टेकलेला हा माणूस व्याख्यानं देत जगभर फिरला. जानेवारी १८९६ मध्ये आपल्या मुंबईतही आला, तोही खोकल्याने बेजार असताना!

त्याच ऑगस्टमध्ये त्याची मुलगी सूझी वारली. ट्वेन तेव्हा इंग्लंडमध्ये होता. दूरदेशी असताना घरून अशी बातमी येणं काय असतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. त्याने लंडनमध्ये प्रवासवर्णन लिहायला घेतलं. रोज लिहीत राहिला. १८९८ मध्ये कर्ज फिटलं. दुःख मात्र फिटलं नाही. हार्टफर्डच्या घरी हे कुटुंब पुन्हा राहायला गेलंच नाही.

धंदा बसला तरी फोनवर ‘सगळं मजेत’ म्हणणारे आपल्यात कमी नाहीत. कणखर माणूसही कुणाच्या तरी आधारानेच उभा राहतो. आईला नाही, तर निदान एका मित्राला तरी खरं सांगा.